उंबऱ्यावरची परीक्षा

“बोलण्याआधी हात ठेव. आणि हात ठेवण्याआधी तो ऊन करून घे.”

मार्गशीर्षातल्या पहाटे सरोजिनीबाईंचा हा आवाज मला हमखास ऐकू येतो. मुंबईला फिजिओथेरपी शिकत होते तेव्हा त्या आम्हांला शिकवायच्या. उंच, शिडशिडीत, आणि रागावल्या की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. गार हात लागला की दुखणारा स्नायू दार लावून घेतो, म्हणायच्या, मग बाहेर उभं राहून कितीही हाका मारा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण कोल्हापूरच्या थंडीत आंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून मी अंबाबाईला निघते तेव्हा पदराखाली माझे तळवे आपोआप एकमेकांवर घासले जातात. आंघोळीपासून दर्शनापर्यंत मी बोलत नाही. हा माझा रोजचा नेम. आई गेली त्या वर्षी धरला तो सुटला नाही. दर्शन झालं की गाभाऱ्यासमोर पहिला शब्द ‘आई’ असा उच्चारायचा आणि मग दिवसाचं बोलणं सुरू करायचं. दादा, माझा थोरला भाऊ, त्याच्याकडेच मी राहते, तो म्हणतो, “तुझ्या मौनाचा देवीला पत्ता तरी लागतो का ग? एरवी तरी तू कुठं बोलतेस?” आणि खरंच आहे ते. मी एरवीही इतकं हळू आणि इतकं थोडं बोलते, की माझं मौन कुठं संपतं नि बोलणं कुठं सुरू होतं ते परक्या माणसाला कळायचं नाही.

त्या दिवशी तेच झालं. महाद्वार रोडवर दुकानांच्या फळ्या अजून निघायच्या होत्या, फुलवाल्या बायका शेवंतीवर पाणी मारत होत्या, आणि कुठून तरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर अंगाला चिकटत होता. मागून लॅम्ब्रेटा स्कूटरचा आवाज आला आणि माझ्याशेजारी थांबला. डॉक्टर हेर्लेकर. आमच्या हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर, विलायतेहून शिकून आलेले, सदा घाईत. इंजिन चालू ठेवूनच म्हणाले, “बरं झालं भेटलात कालिंदीबाई. विश्वस्तांची बैठक सोमवारी नाही, आजच आहे. अकरा वाजता. तुमचा अभ्यासक्रम आज मंजूर करून टाकू. एकच करतो, तो गावचा महिना काढतो. मुंबईची मुलं आधीच इकडं यायला नाखूश, त्यांत खेड्यात पाठवणार म्हटलं तर एक अर्ज यायचा नाही. त्या जागी यंत्रांचा महिना घालू. चालेल ना?” मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडात नाव होतं देवीचं, हातात ओटी होती, देऊळ समोर होतं. मी मान हलवली नाही, हात हलवला नाही. मी नुसती उभी राहिले. “छान,” डॉक्टर म्हणाले, “मला वाटलंच तुम्ही समजून घ्याल,” आणि लॅम्ब्रेटा धूर सोडत बिंदू चौकाकडे निघून गेली.

मी तिथंच उभी होते. एक फुलवाली म्हणाली, “ताई, सरका की जरा, गिऱ्हाइकाला दिसंना झालंय.” तेव्हा सरकले. मला राग यायला हवा होता. पण जे आलं तो राग नव्हता. लहानपणी रंकाळा तलावावर नाव काठापासून सुटताना वाटायचं तसं वाटलं. तीन पावसाळे ज्या गोष्टीचा विचार केला ती आज अकरा वाजता घडणार होती. किंवा मोडणार होती. म्हणजे ती खरी होती! कुणी तरी काढून टाकू म्हणतं म्हणजे ती आहे. तोपर्यंत तो अभ्यासक्रम म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दादाच्या रेडिओच्या बातम्या ऐकत, भाजी फोडणीला टाकून मी लिहीत असलेलं काही तरी होतं. पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना आमच्याकडे एक वर्ष निवासी म्हणून ठेवायचं, जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करायला लावायचं, आणि त्यांतलं कुणी पुढं राहू इच्छील त्याला आणखी एक वर्ष मज्जासंस्थेच्याच रुग्णांवर पक्कं करायचं, ही कल्पना मूळ डॉक्टरांची. विलायतेत त्यांनी असलं काही पाहिलं होतं. “पदवी म्हणजे पोहायचं पुस्तक वाचलेलं असतं,” ते म्हणाले होते, “विहिरीत ढकलायचं काम आपलं. तुम्ही लिहा.” मी लिहायचं! मी घरी येऊन देवापुढं बसले तर जपाची माळ हातात नुसतीच राहिली. मणी सरकेनात. डोक्यात पहिला महिना सुरू झाला होता.

पहिल्या महिन्यात काय शिकवायचं? पुस्तकं सांगतात, तपासणी. मला वाटलं, गप्प बसायला शिकवावं. रोज सकाळचा पहिला तास निवासी विद्यार्थ्यानं रुग्णाशी बोलायचं नाही. हात ऊन करायचे आणि ठेवायचे. हाताला काय कळलं ते तासानंतर सांगायचं. हे माझ्या नेमातूनच आलं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मग रुग्णचर्चा, मग एकमेकांचं काम पाहून त्यावर न दुखावता बोलणं, मग हाडं, मग फुप्फुसं, मग अंगावरून वारं गेलेली माणसं. एकेक महिना मांडताना वाटायचं, आपण रांगोळीचे ठिपके घालतोय. ओळी कुठून कुठं जायच्या ते बोटांना आधी कळायचं. आणि शेवटचा महिना रिकामा राहिला होता. वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायची, हे सगळ्यांना मान्य होतं. कुठं घ्यायची, काय विचारायचं, ते मला सुचत नव्हतं. ते तानाबाईनं सुचवलं.

तानाबाई नेसरीची. उसाच्या फडात असताना अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी झाली. आमच्याकडे आली तेव्हा गाठोड्यासारखी आणली होती. खणखणीत आवाजाची बाई. पहिल्याच दिवशी मी हात लावला तर ओरडली, “आगं, हात हाय का बरफ? तापव की आदी!” मी हसले. सरोजिनीबाई जणू नेसरीहून बोलत होत्या. तिच्यावर मी जीव लावून काम केलं. दोन दांड्यांच्या मधून ती पहिलं पाऊल टाकून गेली तेव्हा सगळ्या विभागानं टाळ्या वाजवल्या. घरी जाताना ती आमच्या गुळगुळीत फरशीवर काठी टेकत दारापर्यंत एकटी गेली, आणि वळून म्हणाली, “बघ, कशी नवरीवानी निघाली हाय मी.” डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘उत्तम’ असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग गडहिंग्लजला एक लग्न निघालं, आणि मी एक दिवस पुढं नेसरीपर्यंत गेले. तिच्या अंगणात गेले तर ती बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. समोर गोठा, बाजूला मळीचा ढीग, जमीन शेणानं सारवलेली आणि खालीवर. “आलीस व्हय ग ताई? बस.” मी विचारलं, “चालता ना?” तर म्हणाली, “तुज्या दवाखान्यात चालतो की मी. हितं बसतो.”  तिनं काठीनं दाखवलं. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये उंबरा होता. जुन्या घरांतला असतो तसा, चांगला वीतभर उंच, मधोमध झिजलेला. पलीकडं चूल. पलीकडं तिची सून भाकरी थापत होती. “त्यो वलांडता येईना. सुनंच्या राज्यात पावणं झालोय मी. ती घालंल तवा खायाचं. आनी घालती बरं का, वंगाळ न्हाय पोरगी. पर मला माज्या चुलीम्होरं बसायचं हाय.” आतून सून म्हणाली, “उचलून नेतो म्हनलं तर मारायला उठत्यात आत्ती.” “मग? देवाची पालखी हाय का मी उचलायला?” दोघी हसल्या. मी त्या उंबऱ्याकडे पाहत राहिले. आमच्या हॉस्पिटलात उंबरा नाही. एकही नाही. सगळं सपाट, चाकाची खुर्ची जावी म्हणून. आम्ही तिला सपाट जग शिकवलं आणि उंबऱ्यांच्या जगात पाठवून दिलं.

माझ्या अंगावर काटा आला. लाजेचा नव्हे, सापडल्याचा. शेवटचा महिना सापडला! परीक्षा इथं घ्यायची. निवासी विद्यार्थ्यानं वर्षभरात बरा केलेला एक माणूस निवडायचा, त्याच्या घरी महिनाभर जाऊन येऊन राहायचं, आणि ज्या दिवशी तो माणूस स्वतःचा उंबरा स्वतः ओलांडील त्या दिवशी परीक्षा झाली. ओलांडला नाही, तर का नाही ते सांगायचं. नेसरी, आजरा, गारगोटी, जिथून माणसं आमच्याकडे येतात तिथं. मी तानाबाईला म्हटलं, “मी परत येते. हा उंबरा तुम्हांला शिकवते.” तिनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, “येते म्हनून गेलेली लय हायती. त्यांच्या वाटंकडं डोळं लावायचं सोडलंय मी. येनार असलीस तर ये. न्हायतर आत्ताच न्हाई म्हन, मला वाईट न्हाय वाटायचं.” मी ‘येते’ म्हटलं. एसटीत बसल्यावर सुचेल तसं तिकिटाच्या मागं लिहीत राहिले, आणि जागा संपल्यावर मनात.

आणि आज मी ‘नाही’ म्हटलं नव्हतं म्हणून ते सगळं निघून जाणार होतं. देवळाच्या घाटी दरवाजाच्या बाजूनं आत शिरले. दगड असे गार, की पावलांना चटका बसावा. मनात एकच उलटसुलट चाललं होतं. नेम मोडला असता तर? एक शब्द. देवी काय रागावली असती? पण नेम म्हणजे सोयीनं उघडायचं दार नव्हे. आणि नेमापायी एक बाई माजघराबाहेर बसून राहणार असेल, तर तो नेम कुणासाठी?  गर्दी पुढं सरकत होती. समया, कुंकवाचा वास, कुणाच्या तरी ओल्या पदराचं पाणी माझ्या पावलावर ठिबकत होतं. देवी दिसली. रोजच्यासारखी, सगळं ठाऊक असल्यासारखी. मी हात जोडले, आणि रोजचा तो शब्द म्हणायला तोंड उघडलं.

“नाही,” मी म्हणाले.

मोठ्यानं. माझा आवाज दगडावर आपटून मलाच परत ऐकू आला. शेजारच्या बाईनं दचकून पाहिलं. पुजाऱ्यानं हात थांबवला, “काय झालं हो बाई?” “काही नाही,” मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. देवीसमोर ‘नाही’ म्हणून हसणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. मग मी ‘आई’ म्हटलं. पण तो शब्द दुसरा झाला होता. बाहेर आले तेव्हा उन्हाची तिरीप दीपमाळेवर आली होती, आणि मला वाटत होतं, की मी धावत सुटेन.

अकरा वाजता बैठकीच्या खोलीत विश्वस्त जमले. मधल्या खुर्चीत दत्तोपंत. सराफकट्ट्यावरचं जुनं घर, पांढरं स्वच्छ धोतर, घरची देवपूजा झाल्याशिवाय पाणीही न घेणारे. गेल्या वर्षी ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी खिळा घालून ते जोडलं, मी त्यांना चालतं केलं, आणि आता ते काठी टेकत कुणाचाही हात न धरता खोलीत आले होते. डॉक्टरांनी भराभर सांगितलं. एक वर्ष, मग दुसरं वर्ष, तास, चर्चा, यंत्रं. “शेवटी खेड्यांतला एक महिना होता, तो कालिंदीबाईंच्या संमतीनं काढलाय.” 

“संमती नव्हती,” मी म्हणाले.

कुणालाच ऐकू आलं नाही. एक विश्वस्त चहा ओतत होते. माझे तळवे गार पडले होते. मी ते टेबलाखाली घासले. बोलण्याआधी हात ठेव. मी उठले आणि टेबलावर दोन्ही हात ठेवले. “माझी संमती नव्हती, डॉक्टर.” 

डॉक्टर थबकले. “अहो, सकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प...”

“माझं मौन असतं दर्शनापर्यंत.”

“म्हणजे मी भिंतीशी बोललो?”

“देवीच्या दारात बोललात,” दत्तोपंत म्हणाले, “तिनं ऐकलं असेल. बोला कालिंदीबाई.” खोलीत हशा झाला. डॉक्टरांचे कान लाल झाले, पण तेही हसत होते. आणि मग मला बोलायचं होतं. मी तानाबाईचं सांगितलं. नीट सांगितलं असावं, कारण चहा ओतणारे थांबले. पण डॉक्टर म्हणाले, “ते सगळं खरं. पण ही एका बाईची गोष्ट झाली. इथं निवासी मुलांच्या दोन जागा भरायच्या आहेत. यंत्रं शिकवली नाहीत तर ही मुलं पुढं नोकरीला उभी कशी राहतील? तो विचार नको का करायला?” करायलाच हवा होता. मी स्वतः तो रात्रंदिवस केला होता. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझी नजर दत्तोपंतांच्या काठीवर गेली. पितळी टोकाची. आणि एकदम, कुणी कानात सांगावं तसं, एक विचारावंसं वाटलं. विचारू नये असंही वाटलं. घरातली गोष्ट ती.

“काका, देवघराचा उंबरा कसा ओलांडता?”

 काठीच्या मुठीवर दत्तोपंतांचा अंगठा फिरत राहिला. मग म्हणाले, “ओलांडत नाही.”

“मग पूजा?”

“सूनबाई करते. मी बाहेर पाटावर बसतो. बाहेरूनच नमस्कार.” काठी मांडीवर आडवी घेत म्हणाले, “वर्ष होईल आता. बाळकृष्णाला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलेलं नाही. हे काय सांगायचं? चालता येतंय एवढं पुष्कळ म्हणायचं, आणि गप्प राहायचं.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते दत्तोपंतांच्या खुब्याकडे पाहत होते, जणू धोतराआडचा तो खिळा त्यांना दिसत होता. “केवढा उंच आहे उंबरा?” त्यांनी विचारलं. दत्तोपंतांनी हातानं दाखवलं. “आणि आधी कुठला पाय टाकायला बघता? दुखरा? अहो, बरोबर, तिथंच तर...” डॉक्टर उठलेच. खोलीत एक पाऊल उंच टाकून पाहिलं, दुसरं टाकून पाहिलं. “कालिंदीबाई, मध्ये एक पायरी हवी. अर्ध्या उंचीची. आणि धरायला उजवीकडं काही. हे आपण कधी शिकवलंच नाही की हो!” मी म्हणाले, “शिकवलं नाही, कारण आपल्याकडे उंबरा नाही.” “बांधू!” डॉक्टर म्हणाले. “विभागात एक बांधूच. पण खरी परीक्षा मात्र...” ते थांबले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, पहिल्यांदाच मी बोलते तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, “यंत्रं दुसऱ्या वर्षात घालू. पहिल्याच्या शेवटी गावचा महिना. चालेल ना?” आणि ते गप्प राहिले, उत्तराची वाट पाहत. “चालेल,” मी म्हणाले. तो एक शब्द काय सुंदर लागला जिभेवर.

मंजूर झालं. मग दत्तोपंतांना मी म्हटलं, “काका, उद्यापासून तुमच्याकडे येते.” त्यांनी नाही अशी मान हलवली. “आधी नेसरीला जा. माझा देव घरात आहे, तो थांबेल. तिला तुम्ही शब्द दिलाय. आणि परीक्षा लिहिणाऱ्यानं आधी ती द्यावी, काय?” त्यांचे डोळे चमकत होते. मला वाटतं, ते मनात बाळकृष्णासाठी पाणी ऊन करत होते.

रात्र अशी गेली, की झोप आली नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मी तानाबाईचा उजवा पाय उंबऱ्याजवळ आणत होते, नेत होते. अर्धी पायरी. अर्धी पायरी कुठून आणायची? फळीला डगमग नको, घसरण नको. आणि मग ते इतकं सोपं निघालं, की मी अंधारात उठून बसले.

पहाटे आंघोळ झाली. देवघरात माझा जपाचा पाट होता. फणसाचा, जाड, आईच्या वेळचा, बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. त्याला खालून आडवे दोन पाय. मी तो उचलून पाहिला. अर्ध्या उंबऱ्याएवढा. गुळगुळीत भागावर काथ्याची दोरी गुंडाळली, पाय घसरू नये म्हणून. जपाला चटईवर बसले. मणी भराभर सरकत होते. आज ते हातात थांबले नाहीत.

निघाले तर दादा ओसरीवर चहाचा कप घेऊन बसलेला. माझ्या काखेत पाट बघून म्हणाला, “हे काय? कुठं सत्यनारायण आहे का?” मी गप्प. “दर्शनाला पाट कशाला? देवीला बसायला काही कमी पडलंय?” मी चपला काढून पिशवीत ठेवल्या, कारण देवळापर्यंत अनवाणी जायचं असतं. पिशवीत दशम्या होत्या, तेलाची बाटली होती, गरम पाण्याची पिशवी होती. दादानं ते सगळं पाहिलं; तानाबाईचं त्याला मी कधीच सांगितलं होतं. मग कप खाली ठेवला, उठला, आणि फाटकाची कडी काढून ते माझ्यासाठी धरून उभा राहिला. 

“बरं,” म्हणाला. “काही विचारत नाही. संध्याकाळच्या गाडीला आली नाहीस तर नेसरीलाच आहेस असं समजतो.”

मी त्याच्याकडे पाहिलं आणि निघाले. गल्लीत कुणी नव्हतं. आधी अंबाबाई, मग स्टँड. काखेत पाट होता, त्यामुळं एकच हात मोकळा होता. तो मी पदराखाली घेतला, गालाशी नेला, आणि चालता चालता ऊन करू लागले.